कॉइल सदोष आहे

५ एप्रिल

माननीय बाह्यपरीक्षक महोदय,

आमच्या तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत गेल्या आठवड्यात आपण प्रात्यक्षिक परीक्षा घेतलीत. ‘वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना कॉइलचा इम्पीडन्स मोजणे’ या प्रयोगात आपण एका विद्यार्थिनीला शून्य गुण दिलेत आणि शेरा मारलात, “वाचने मनाने लिहिली आहेत.” या प्रयोगशाळेची अधिव्याख्याती या नात्याने मी त्या शेऱ्याला हरकत घेते आहे आणि फेरतपासणीची मागणी करते आहे.

या पत्राची प्रत प्राचार्यांकडे जाते. ते स्थापत्याचे असल्यामुळे त्यांचा विजेशी संबंध पंख्याच्या बटणापुरता आहे. म्हणून थोडक्यात खुलासा करते. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. वीज उलटसुलट वाहायला लागली की कॉइल तिला अडवते, आणि ती जितक्या झपाट्याने उलटसुलट होईल तितकी जास्त अडवते. या अडवणुकीला इम्पीडन्स म्हणायचं आणि झपाट्याला फ्रीक्वेन्सी. सूत्राप्रमाणे दोन्हींचा आलेख काढला तर सरळ चढती रेष येते. आपण लिहिलेल्या प्रयोगपुस्तिकेतही तशीच छापली आहे.

या विद्यार्थिनीचा आलेख सरळ आला नाही. सुरुवातीला तो रेषेच्या थोडा वर होता, मधे रेषेबरोबर चालला, पुढे एकदम डोंगरासारखा उंच गेला आणि पलीकडे उतरला. तिने तो ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर मोजून, एकेक बिंदू मांडून काढला होता. मी तिच्या मागे उभी होते. आपण तो वाचला नाहीत. आपण आपल्या बॅगेतून प्लास्टिकचा पारदर्शक कागद काढलात. त्यावर लाल शाईने ती सरळ रेष आखलेली आहे. तो कागद आपण एकेका मुलाच्या आलेखावर ठेवत गेलात. ज्याचे बिंदू लाल रेषेखाली झाकले गेले तो पास. हिचे झाकले गेले नाहीत.

मुलीला चोक, म्हणजे अशाच कॉइली, बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात जागा मिळाली आहे. निकालपत्र दाखवल्याशिवाय ते तिला रुजू करून घेणार नाहीत. जूनपर्यंत थांबतो म्हणाले आहेत. तरी लवकर निर्णय व्हावा.

आपली,
अधिव्याख्याती, इलेक्ट्रॉनिक्स विभाग

ता. क. हे खालचं हाताने लिहिते आहे, प्राचार्यांच्या प्रतीत नाही. धाकट्या, तू आख्खा दिवस माझ्या प्रयोगशाळेत होतास आणि मला ‘मॅडम’ म्हणालास. “मॅडम, जरा पंखा वाढवता का?” मी वाढवला. घरी गेल्यावर आईने विचारलं, वाळलाय का गं तो? मी म्हटलं, छे, चांगला सुटलाय.

१२ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या कचेरीतून पोच आली. “आपला अर्ज प्राप्त झाला.” खाली शिक्का, शिक्क्यावर सही, सहीवर अजून एक शिक्का. वाचूनच शिसारी आली. आता महोदय वगैरे पुरे झालं.

तू वाचणार नाहीस असं धरून मी स्वतः मोजून बघितलं. ऑसिलोस्कोप मिळाला नाही. आमच्या विभागप्रमुखांना मुलं ‘कुलूप’ म्हणतात. प्रयोगशाळेतली प्रत्येक चांगली वस्तू त्यांनी कपाटात कोंडून ठेवली आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला असते. ऑसिलोस्कोप फक्त परीक्षेच्या दिवशी बाहेर येतो, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्यांसारखा. परीक्षक गेले की पुन्हा आत. वर्षभर मुलं ज्या यंत्राचं चित्र काढतात ते यंत्र त्यांना परीक्षेत पहिल्यांदा दिसतं. याची कोणाला लाज वाटत नाही. चहा मात्र सगळे वेळेवर पितात.

म्हणून दोन मल्टिमीटर घेतले. एक कॉइलवरचं व्होल्टेज दाखवायला, दुसरा तिच्यातून जाणारा करंट. सिग्नल जनरेटरची चकती फिरवून फ्रीक्वेन्सी वाढवत गेले, दोन्ही आकडे टिपले, भागाकार केले. आलेख वाकला! मुंगीने काढला तसाच. (मुंगी म्हणजे ती मुलगी. एवढीशी आहे आणि बॅग तिच्यापेक्षा मोठी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.) फक्त माझा डोंगर तिच्यापेक्षा बराच अलीकडे आला, आठ हजार हर्ट्झच्या आसपास. आकडे सोबत जोडले आहेत. आता सांग, दोन बायकांनी मनाने लिहिलेली वाचनं एकाच बाजूला कशी वाकतात?

तुझी ती पुस्तिका माझ्या घरच्या टेबलावर बसून लिहिलीस, आठवतं ना? तो आलेख तू पट्टीने आखत होतास. मी विचारलं, “मोजलंस का हे?” तू म्हणालास, “ताई, मोजायचं काय त्यात? सूत्र आहे ना.” बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं आणि काठी टेकत बाहेर आले. हातात त्यांनी स्वतः गुंडाळलेली कॉइल होती, पिवळ्या दोऱ्याने टोक बांधलेली. म्हणाले, “ही घे. हिच्यावर बघ मोजून. वर गेलास की कशी गंमत करते बघ.” तू मान वर न करता म्हणालास, “बाबा, तो रेडिओचा जमाना गेला आता.” आणि पट्टीवरून पेन्सिल ओढलीस.

बाबा आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कॉइल मला दिली, प्रयोगशाळेत ठेव म्हणाले. मुंगीने परीक्षेत मोजली ती तीच. तू ओळखली नाहीस. की ओळखलीस?

ताई

१९ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं. त्यात आईची चौकशी नाही, माझी नाही, एक शब्द जिव्हाळ्याचा नाही. आहे काय? “ताई, तुझा मल्टिमीटर हजार हर्ट्झच्या वर बावळट होतो, हे आता मी तुला सांगायचं का? तुझा आठ हजारावरचा डोंगर कॉइलचा नाही, मीटरचा आहे. या कॉइलला डोंगर आलाच तर पन्नास हजाराच्या आसपास येईल. इतकी वर्षं शिकवतेस काय?”

वाचलं आणि कान गरम झाले. कारण तू बरोबर आहेस. साधे मल्टिमीटर घरातल्या विजेपुरते बनवलेले असतात, त्याच्या फार वर गेलं की ते वाट्टेल ते दाखवतात. मला हे माहीत आहे, दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण रागाने हात चालवला की डोकं मागे राहतं. माझे आकडे फाडून टाक.

आता तिसरं वाक्य पुन्हा वाच. तुझंच. पन्नास हजाराच्या आसपास येईल.

तुला माहीत आहे. कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे ती थोडी कपॅसिटरसारखीही वागते आणि ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वर तिची सगळी चढण उतरणीला लागते, हे तुला पक्कं माहीत आहे. कुठे लागते तेसुद्धा, न मोजता, तोंडपाठ. कसं ते मीही जाणते. आपण दोघं बाबांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, खाली सांडलेल्या तारांमधे वाढलो. बाबा कानाने सांगायचे, ही कॉइल कुठे वळणार.

मी इतके दिवस समजत होते की साहेब झाल्यावर तू विसरलास. अडाणीपणा असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुला माहीत असताना तू तो प्लास्टिकचा कागद घेऊन गावोगाव फिरतोस आणि खरं मोजणाऱ्या पोराला नापास करतोस. याची किळस येते मला. खरंच किळस येते. तुझं अक्षर असलेलं पाकीट मी बाजूला ठेवलं आणि हात धुतले. आईने विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, बिल.

ऑसिलोस्कोप काढून घेतला शेवटी. मी कुलूपसाहेबांच्या दारात स्टूल टाकून बसले. ते म्हणाले, “मॅडम, यंत्र खराब झालं तर जबाबदारी कोणाची?” मी म्हटलं, “वापरून खराब झालं तर माझी. न वापरून झालं तर तुमची.” वर्गाबाहेर मुलं खिदळली तेव्हा किल्ली सुटली.

मुंगीला बोलावलं. कॉइल आणि एक हजार ओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडले. रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो. मग दोघांच्या जागा अदलाबदल करून कॉइलवरचं व्होल्टेज बघायचं. स्कोपच्या दोन्ही वायरींच्या अर्थिंगच्या क्लिपा आतून एकच असतात, त्या दोन ठिकाणी लावल्या तर मधलं सगळं शॉर्ट होतं, म्हणून ही अदलाबदल. हे तिनेच सुचवलं आणि तिनेच केलं. मी फक्त आकडे लिहिले.

शंभर हर्ट्झला सूत्र त्रेसष्ट ओहम म्हणतं, आले शंभर, कारण तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स कुठे जाणार? हजाराला जवळजवळ सूत्राइतके. दहा हजाराला थोडे जास्त. पुढे चढतच गेले, आणि अठ्ठेचाळीस हजारावर कॉइलने करंट जवळपास बंदच केला. रेझिस्टरवरची लाट आडवी झाली. मुंगी ओरडली, “बाई, बघा बघा, आला!” त्याच्या वर गेलो की लाट पुन्हा उठायला लागली.

तुझ्या पत्रात पन्नास होते. शाबास. फेरतपासणीला ये. कागद घरी ठेवून ये.

ताई

आई म्हणते, येणार असेल तर तिला आधी सांग. मी सांगणार नाही. मागच्या वेळी ती दिवसभर दारात खुर्ची टाकून बसली होती आणि तू बाबांना स्मशानात पोचवून तासाभरात गेलास.

३० एप्रिल

धाकट्या,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण तुझ्या अहवालात यातलं काही नाही.

तू आलास, कोट खुर्चीवर टाकलास आणि कोणालाही हात लावू न देता सर्किट स्वतः जोडलंस. मला वाटलं होतं विसरला असशील. पण तू वायरचं टोक दातांनी सोललंस. बाबांसारखं, डावीकडच्या दातांनी. मुंगी तुझ्या हातांकडे टक लावून बघत होती. तिला तू त्या वेळी आवडलास, सांगून ठेवते.

तू एकेक वाचन घेतलंस. घाई नाही, आळस नाही. अठ्ठेचाळीस हजाराजवळ आल्यावर तू चकती हळूहळू मागेपुढे करायला लागलास, दुकानात स्टेशन लावताना करायचास तशी. लाट आडवी झाली. तू थांबलास. चकतीवरचा हात काढून कॉइल उचललीस आणि पिवळ्या दोऱ्याच्या गाठीवर अंगठा फिरवलास. मी बघितलं ते. कुलूपसाहेबांनी नाही बघितलं, ते घड्याळ बघत होते.

मला वाटलं, आता हा बोलेल. देवाशपथ, मी रुमाल काढून ठेवला होता.

तू बसलास आणि अहवाल लिहिलास. “कॉइल जुनी व सदोष आहे. विद्यार्थिनीस संशयाचा फायदा देऊन उत्तीर्ण करण्यात यावे. सदर कॉइल भंगारात काढून नवीन घ्यावी.” सही. शिक्का. कोट. जाताना दारात म्हणालास, “झालं ना तुझ्या मनासारखं?”

काय काय सोय साधलीस रे! मुलगी पास झाल्यामुळे ताईचं तोंड बंद. कॉइल सदोष ठरल्यामुळे पुस्तिका निर्दोष. लाल रेष जागच्या जागी. ज्याने आयुष्यात कधी कोणाला खोटा माल दिला नाही, तो बाप तेवढा नापास. आणि तोही मेल्यावर, म्हणजे फेरतपासणी मागायला येणार नाही. ओकारी येईल असं काम किती नीटनेटकं करता येतं, हे तुझ्याकडून शिकावं.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, ते सांगते. कुलूपसाहेबांनी कॉइल दोन बोटांत उंदीर धरावा तशी धरून टोपलीत टाकली. काहीतरी भंगारात काढायला मिळाल्यामुळे खूश होते. मुंगी आधी नाचली, मग मला मिठी मारली, मग बॅग भरता भरता थांबली. म्हणाली, “बाई, म्हणजे माझं बरोबर नव्हतं का?”

मी म्हटलं, “तुझं बरोबर होतं.”

“पण सर म्हणाले कॉइल खराब आहे. त्यांनी स्वतः मोजली ना. ते तर पुस्तक लिहिणारे आहेत.” मग थोडा विचार करून म्हणाली, “मग कारखान्यात एखादी कॉइल अशी वाकडी निघाली, तर बाजूला काढायची ना?”

मी तिला बसवून समजावलं. चांगला अर्धा तास. फळ्यावर काढून दाखवलं. ती मान हलवत होती, पण माझ्यावर दया केल्यासारखी हलवत होती. तिने तुझे हात बघितले होते. इतक्या सफाईने मोजणारा माणूस खोटं का लिहील, असं तिला वाटत होतं. तू माझा भाऊ आहेस हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

टोपलीतून कॉइल काढून मी घरी आणली. आईने ती मांडीवर घेतली आणि विचारलं, “त्याने ओळखली का?”

मी नाही म्हटलं. खोटं बोलले. ओळखली म्हणून सांगितलं असतं तर तिला जास्त लागलं असतं.

ताई

१७ जून

धाकट्या,

तुला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आईने दोनदा विचारलं, मी दोनदा विषय बदलला. पण आता लिहिणं भाग आहे.

पहिली बातमी. तुझ्या अहवालाप्रमाणे नवी कॉइल आली. कारखान्यातली, गुळगुळीत, वर चिकटवलेलं लेबल. मी ती मोजली. डोंगर थोडा पुढे आहे, नव्वद हजाराच्या आसपास, पण आहे. उतरणही आहे. पुढच्या वर्षी साठ मुलं ही कॉइल मोजतील आणि तुझा कागद येतोय म्हणून साठही मुलं सरळ रेष आखतील. आता हिलाही सदोष म्हणायला ये. मग अजून एक मागवू, मग अजून एक. जगातल्या सगळ्या कॉइली भंगारात काढू आणि तुझी पुस्तिका तेवढी शिल्लक ठेवू.

दुसरी बातमी मुंगीची. तिचा फोन आला होता. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखू आला नाही. पहिल्या आठवड्यात तिच्यासमोर चोकचा ट्रे आला. तिने नेमाने मोजले, वरपर्यंत. सगळे वाकले. वाकणारच होते. तिला तुझं वाक्य आठवलं. तिने सगळा ट्रे सदोष म्हणून बाजूला काढला, लाल चिठ्ठ्या लावल्या. मग दुसरा ट्रे, मग तिसरा. दुपारपर्यंत काम थांबलं. वरचा माणूस आला, हसला, मग चिडला. “शिकलीस कुठे?” म्हणाला, सगळ्यांसमोर. तिला आता तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलंय. दिवसभर खोकी चिकटवते.

धाकट्या, या मुलीने परीक्षेत, भरल्या वर्गात, छापील पुस्तकापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. आमच्या इमारतीत असं करणारी मी दुसरी पाहिलेली नाही. तू तिला शून्य दिलंस तेव्हासुद्धा तो विश्वास गेला नव्हता, ती रडली पण आकडे बदलायला तयार नव्हती. तो गेला तू तिला पास केल्यावर.

मी फोनवर पुन्हा समजावलं. ती “हो बाई, हो बाई” म्हणत राहिली. माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

म्हणून हे पार्सल. आत बाबांची कॉइल आहे. तू भंगार म्हणालास, तर तुझं भंगार तुझ्याकडे राहू दे. पिवळी गाठ सोडू नकोस, ती आईने परवा पुन्हा घट्ट केली आहे. मी म्हटलं, कशाला, ती कुठे सुटतेय? ती म्हणाली, त्याच्याकडे जातेय ना, असू दे.

पुस्तिका बदल असं मी म्हणत नाही. ते तुझ्याने होणार नाही, तेवढा तू राहिलेला नाहीस. माझ्याशी बोल असंही म्हणत नाही. एकच ओळ लिही, माझ्यासाठी नाही, त्या मुलीसाठी. ‘कॉइल चांगली होती. तुझं वाचन बरोबर होतं.’ खाली सही कर. शिक्का नको.

पाकीट सोबत ठेवलं आहे. मुंगीचा पत्ता लिहिला आहे, तिकीट लावलं आहे, कोरा कागदही घडी करून आत घातला आहे. पेन तेवढं तुझं वापर.

ताई